मिरज जवळ आहेच की!

युरोपला निघालाय म्हणे! अकरा दिवस, सहा देश, माणशी अडीच लाख. अभिनंदन. थर्मल आणून झाले, मेतकूट दळून झालं, भडंगाची पाच पाकिटं बॅगेत गेली. राहता राहिली ट्रॅव्हल इन्शुरन्सची किरकोळ बाब. ती व्हिसाच्या कागदांचा गठ्ठा लावताना, अगदी शेवटच्या संध्याकाळी उरकायची असते.

आपण सांगलीकर तसे चिकित्सक. हळकुंड कट्कन मोडून आतला रंग बघितल्याशिवाय आपण पोत्याला हात लावत नाही. बेदाण्याचा एक दाणा तोंडात टाकतो, एक बोटांत चेपतो आणि ‘गेल्या सालचा दिसतोय’ म्हणून किलोमागं दहा रुपये पाडून घेतो. मिक्सर घ्यायचा तर हरभट रोडवरची चार दुकानं पालथी घालतो. पण तीसेक लाखांच्या पॉलिसीला असली चिकित्सा शोभत नाही. यादी लावा, स्वस्तातली वर आणा, पहिल्या नावावर बोट ठेवा आणि मोकळे व्हा.

शेंगेन व्हिसाला, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाला, किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण लागतं. तेही शेंगेनमधल्या सगळ्या देशांत आणि मुक्कामाच्या प्रत्येक दिवसाला लागू असलेलं. तुम्ही ३०,००० डॉलरची घ्या. शून्यं तेवढीच आहेत. परतीचं विमान रात्री सुटून दुसऱ्या दिवशी मुंबईत उतरतंय? मग तो दुसरा दिवस पॉलिसीत कशाला? झोपणारच तर आहात. पुण्याच्या व्हिसा केंद्रात खिडकीपलीकडची मुलगी कागद परत सरकवेल तेव्हा ‘घ्या की ताई, सांगलीहून आलोय’ म्हणून बघा.

फॉर्मवर एक चोंबडा प्रश्न असतो: पूर्वीपासूनचे आजार? इथं ठामपणे ‘नाही’ लिहायचं. आप्पांची बीपीची गोळी बारा वर्षं फ्रीजवरच्या चिवड्याच्या रिकाम्या डब्यात आहे, शेजारी साखरेची. पण ते काही आजार नव्हेत. आजारी माणूस कसा अंथरुणाला खिळलेला पाहिजे. आप्पा तर रोज पहाटे आयर्विन पुलापर्यंत जातात आणि कठड्याला हात लावूनच माघारी फिरतात. खरं लिहिलं तर काय होतं? हप्ता थोडा वाढतो, कंपनी एखाददुसरा रिपोर्ट मागते, आणि काही पॉलिसींत मग त्याच जुन्या दुखण्यानं जिवावर बेतलं तरी तातडीचा खर्च मिळतो. एवढ्यासाठी जादा पैसे? तेवढ्यात सगळ्या घराची भेळ होते.

खरी गंमत पुढं आहे. आप्पांना स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नला छातीत दुखायला लागलं, तर ते डॉक्टरांपुढं गप्प बसणार नाहीत. आपली माणसं विमा कंपनीपासून लपवतील, डॉक्टरपासून नाही. ‘ट्वेल्व्ह इयर्स बीपी, सर. टेन इयर्स शुगर,’ असं ते सर्व्हिस बुक वाचल्यासारखं सांगतील. डॉक्टर लिहून घेतील. क्लेम तपासणारा माणूस नेमका तोच कागद आधी उघडतो. फॉर्मवर ठणठणीत, केसपेपरवर बारा वर्षांचे मुरलेले. आणि दोन्ही माहिती दिलेली घरच्यांनीच.

असं काही झालंच, तर पॉलिसीवर दिलेल्या मदत केंद्राला फोन मात्र करू नका. सांगलीत कुणाला काही झालं की पहिलं वाक्य ठरलेलं आहे, ‘मिरजेला न्या.’ दुसरं, ‘तिथं आपलं कोण आहे?’ मिशनरी डॉक्टर वॉन्लेस साहेबांनी १८९४ साली मिरजेत हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून आपला विमा म्हणजे मिरज. स्वित्झर्लंडहून ती जरा आडबाजूला पडते, एवढंच. पण पद्धत मोडायची नाही. आधी टूर लीडर, मग भावजी, मग जर्मनीत आयटीत असलेला तो भाचा, असे फोन फिरवत राहा. मदत केंद्राला आधी कळवलं तर ते दवाखाना सुचवतात, बिल परस्पर भागवायची सोय बघतात, हेलिकॉप्टरनं हलवायचं तर आपल्या डॉक्टरांचा होकार मिळवतात. पण ओळखदेख नसलेल्या माणसाला रात्री दोन वाजता उठवायचं कसं? शिवाय तुम्ही सेव्ह केलेला नंबर १८०० वाला आहे. तो परदेशातून बहुधा लागतच नाही.

नुसता घसा बसला, बिल नव्वद डॉलर झालं आणि पॉलिसीत पहिले शंभर डॉलर तुम्ही भरायचे असतील, तर हिशेब सोपा आहे. याला डिडक्टिबल म्हणतात. आपल्या भाषेत, मांडवाची वर्गणी.

सामानाबद्दल मी अधिकारानं बोलतो. माझी बॅग एकदा मला सोडून भलत्याच गावी गेली होती. पट्ट्यावर शेवटी एक निळी बाबागाडी तेवढी फिरत राहिली. ती माझ्यासमोरून सात वेळा गेली. मग मी शहाण्यासारखा टॅक्सीत बसलो. विमानतळ सोडण्याआधी एअरलाइनच्या काउंटरवरून ‘प्रॉपर्टी इर्रेग्युलॅरिटी रिपोर्ट’ घ्यायचा असतो, हे मला हॉटेलात पोचून बावीस युरोंचे दोन बनियन विकत घेतल्यावर कळलं. त्या कागदाशिवाय बॅग आली नाही हे नुसतं माझं मत होतं. तुम्हीही असंच करा, आणि सोन्याच्या पाटल्या चेक-इन बॅगेतच ठेवा. दागिने नि रोकड बहुतेक पॉलिसींत बसत नाहीत. बसतात त्या वस्तूंनाही प्रत्येकी वेगळी मर्यादा असते.

इंटरलाकेनला पॅराग्लायडिंग करायचंय? जरूर करा. साहसी खेळांचं कलम आपल्या स्वस्तातल्या पॉलिसीत आहे का, ते हवेत गेल्यावर वाचा, वर निवांत असतं. आधी दोन ग्लास वाइन घेतली असेल तर वाचायचेही कष्ट नाहीत. नशेत झालेल्या अपघाताचे पैसे नाहीत, हे कलम बहुतेक सगळ्या पॉलिसींत सारखंच आहे.

आणि हो, क्लेमला मूळ बिलं लागतात, प्रिस्क्रिप्शनसकट. ती जपून ठेवू नका, बॅगेचं वजन वाढतं. आमच्याकडं ती एका बाबतीत फार उपयोगी पडली. ल्युसर्नला गायीच्या गळ्यातली पितळी घंटा घेतली होती. विमानात वाजू नये म्हणून सौ.नी दवाखान्याची चारही बिलं चुरगाळून आत कोंबली आणि घरी आल्यावर केरात टाकली. घंटा शोकेसमध्ये आहे. आईनं एकदा हलवून बघितली. म्हणाली, “आपल्या खिल्लाराच्या गळ्यातलीचा आवाज ह्याच्यापेक्षा बरा होता की रे.”