चित्रं जुळली का?

आमच्या घरच्या ग्रुपवरच्या गप्पांत लपवण्यासारखं काहीही नसतं. गुडघेदुखी, ‘फोन का उचलत नाहीस’ आणि तोच तो व्हिडिओ फिरून फिरून. तरीही कोण कोणाशी किती वाजता बोललं याची नोंद एखाद्या कंपनीकडे कशाला, असं माझ्या मनाने घेतलं आणि यापुढे सगळ्यांनी मॅट्रिक्सवर यायचं, असं मी जाहीर करून टाकलं. मॅट्रिक्स हे ॲप नव्हे. २०१४ साली सुरू झालेला तो एक खुला प्रोटोकॉल आहे, म्हणजे निरोपांची ने-आण कशी करायची याचे सगळ्यांना खुले नियम. सर्व्हर कुणाचाही असो, ॲप कुठलंही असो, ईमेलसारखं सगळ्यांशी बोलता येतं. मी हे तब्येतीत समजावून सांगितल्यावर काकांनी एवढंच विचारलं, “मग ॲप कुठलं?” इथेच घोडं पेंड खायला लागलं.

कारण ॲपं ढिगाने, आणि त्यांची बारशी संपता संपत नाहीत. यातलं सगळ्यात ठाऊक असलेलं ॲप आधी व्हेक्टर होतं, मग रायट झालं, २०२० मध्ये एलिमेंट झालं. ही खोड या जगात जुनीच आहे. पिजिन नावाचं जे गप्पांचं सॉफ्टवेअर आहे, त्याचंही आधीचं नाव ट्रेडमार्कच्या भांडणात गेलं आणि २००७ मध्ये नवं आलं. शेवटी काही हौशी मंडळींनी फावल्या वेळात लिहिलेलं एक छोटंसं ॲप मी निवडलं. दिसायला साधं, बोजा कमी.

काकांच्या विंडोजने ते पाहिलं आणि पडदाभर निळी पाटी लावली: तुमच्या पीसीचं रक्षण केलेलं आहे. खाली एकच बटण, ‘चालवू नका’. चालवायचं असेल तर वरच्या मजकुरातल्या ‘अधिक माहिती’वर टिचकी मारायची, मग ‘तरीही चालवा’ हे बटण उगवतं. त्या ‘तरीही’मध्येच काका अडकले. “अरे, ते एवढं सांगतंय तर त्याला काहीतरी माहीत असेल ना?” त्याला माहीत एवढंच असतं, की ही फाइल फारशा लोकांनी उतरवलेली नाही. लोक उतरवत नाहीत म्हणून पाटी येते आणि पाटी येते म्हणून लोक उतरवत नाहीत. काकांना मी ही गंमत सांगितली. त्यांना ती गंमत वाटली नाही.

मॅकवर ताई. तिथे भाषा सभ्य, पण बटणं दोनच: ‘झालं’ आणि ‘कचरापेटीत टाका’. ताई लहानपणापासून आज्ञाधारक, तिने दुसरं दाबलं. पूर्वी कंट्रोल धरून टिचकी मारली की हे दुखणं मिटायचं. २०२४ च्या सिकोया आवृत्तीपासून ती पळवाट बंद झाली. आता सेटिंग्जमध्ये जायचं, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी उघडायचं, तळापर्यंत खाली यायचं, ‘तरीही उघडा’ म्हणायचं आणि पासवर्ड द्यायचा. “स्वतःच्याच कॉम्प्युटरची परवानगी काढायची?” ताईचा प्रश्न रास्त होता. मी विषय बदलला.

माझ्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर विंडोज-मॅकच्या जागी लिनक्स. तिथे अडवणारं कुणी नाही; उलट रस्ता विचारावा तर पाच जणांनी पाच दिशांना हात करावेत, तसे डेब, आरपीएम, स्नॅप, फ्लॅटपॅक आणि ॲपइमेज हे ॲप मिळण्याचे पाच प्रकार समोर उभे राहतात. म्हटलं, ॲपइमेज बरं: एकच फाइल, इन्स्टॉल करायचीच नाही. डबलक्लिक केलं. शांतता. फाइलला आधी चालण्याची परवानगी द्यावी लागते, ती दिली. पुन्हा शांतता. टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करून, चालवल्यावर कळलं की त्याला लागणारा ‘लिबफ्यूज २’ नावाचा सुटा भाग नाही. माझ्या लिनक्सने, म्हणजे उबुंटूने, २२.०४ या आवृत्तीपासून ते सोबत देणं थांबवलंय, आणि २४.०४ मध्ये त्या पॅकेजचं नाव ‘लिबफ्यूज२टी६४’ झालंय. हे नाव उच्चारून पाहा, म्हणजे लिनक्सवाल्यांना घरात कुणी प्रश्न का विचारत नाही ते कळेल.

मग ॲप उघडलं. मराठीच्या जागी चौकोन. मोजकीच सिस्टिम टाकलेली असली की देवनागरीचा फाँटही आपणच आणायचा. तो आणला, तेव्हा ‘फोन का उचलत नाहीस’ स्पष्ट वाचता आलं.

त्या वैतागात मी आयआरसी ही गप्पांची जुनी सोय उघडली. १९८८ साली फिनलंडमध्ये औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी लिहिलेली गोष्ट; हूं की चूं न करता सुरू झाली. ती जुने निरोप जपत नाही, फोटो दाखवत नाही, आपल्याला कोणी हाक मारली तेव्हा आपण हजर नसलो तर तिला त्याचं सोयरसुतक नाही. कमी वचनं देणाऱ्याशी आपलं जमतं.

फोन भाच्याकडे सोपवले. त्याने अर्ध्या तासात शोध लावला: “मामा, मेसेज आपल्या सर्व्हरवरून येतो, पण घंटी ॲपल नाहीतर गूगलच वाजवणार.” खरंच आहे. मजकूर त्यांना कळत नसला तरी दार तेच ठोठावतात. अँड्रॉइडवर ॲपची गूगलशिवायची आवृत्ती मिळते. ती स्वतः जागी राहते आणि मग बॅटरी वाचवणारी यंत्रणा तिला झोपवते.

उरली पडताळणी, म्हणजे समोरचा खरंच तोच आहे ना याची खात्री. दोघांच्या पडद्यांवर सात चित्रं उमटतात आणि ती तंतोतंत जुळावी लागतात. मध्ये कुणी तिसरा बसून ऐकत असेल तर ती जुळत नाहीत. काका आणि मी साध्या फोनवरून, बऱ्यापैकी ओरडत, हे करत होतो.

“पहिलं कासव. दुसरं हत्यार आहे काहीतरी.”

“पाना?”

“तू सांगू नकोस. परीक्षा माझी आहे ना? हं, पाना. मग कर्णा. मग मक्याचं कणीस. मग पांढरी दाढी, लाल टोपी... याला ग्रुपमध्ये कुणी घेतलं?”

सांताक्लॉज कोणाच्या बाजूचा, हे मिटेपर्यंत वेळ संपली, पडताळणी रद्द झाली आणि नवी सात चित्रं आली. त्यांत छत्री होती, तिच्याबद्दल मात्र मतभेद झाले नाहीत.

पुढच्या आठवड्यात काकांनी तेच खातं टॅबवर उघडलं. जुन्या प्रत्येक निरोपाच्या जागी एकच ओळ: हा संदेश उलगडता येत नाही.

“भारीच आहे रे हे,” ते फोनवर म्हणाले. “मलासुद्धा वाचता येत नाही, म्हणजे दुसऱ्या कुणाची काय बिशाद!”

“काका, ते उघडायला रिकव्हरी की लागते. चार-चार अक्षरांचे गट असलेली ती लांबलचक. कुठे ठेवलीत?”

“ती होय? हरवू नये म्हणून फोटो काढून टाकलाय ग्रुपवर.”

“नव्या?”

“छे, जुन्या. नव्यावर कोण बघतंय?”