कुत्रा पाळल्याने आयुष्य वाढतं का? तुमच्या आक्षेपाला उत्तर

‘कुत्रा पाळा, आयुष्य वाढवा’ या माझ्या लेखावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं की मुळात धडधाकट असतात तीच माणसं कुत्री पाळतात, म्हणून ती जास्त जगताना दिसतात, आणि मी उगाच म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यात एक जबाबदारी अडकवतोय, वर कुत्र्यामुळे ती पडण्याचा धोका वेगळाच. आधी राग आला, खोटं कशाला बोलू. मग दोन दिवस डोक्यात तेच घोळत राहिलं आणि अर्धं पटलं.

स्वीडनचा जो २०१७ चा अभ्यास मी त्या लेखात दिला होता, ४० ते ८० वयाच्या ३४ लाखांवर लोकांचा, त्यात एकट्या राहणाऱ्या कुत्रेवाल्यांना मृत्यूचा धोका ३३ टक्के कमी दिसला. दिसला, बस. तो कुत्र्यामुळेच कमी झाला असं ते संशोधकही म्हणत नाहीत, मीच उत्साहाच्या भरात तसं लिहून बसलो. ज्याचे गुडघे बोंबलतायत तो कुत्रा आणेलच कशाला, बरोबर आहे.

पण मग मला सांगा, भरल्या घरात हाच फरक ११ टक्क्यांवर का येतो? माझा आपला अंदाज, एकट्याच्या घरात पट्टा धरायला दुसरं कोणी नसतं. मी तीनदा जिम लावली, तीनदा सोडली, पण आमचा बोका (हो, कुत्र्याचं नाव बोका आहे, मुलीची कृपा) सकाळी सहाला दारात उभा राहून पट्ट्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघतो तेव्हा सर्दी, कंटाळा, कसलंच कारण चालत नाही. आठवड्याला १५० मिनिटं चाला म्हणतात ना, ती न मोजता होऊन जातात, वर वाटेत चार माणसं थांबून बोलतात, त्यांना माझं नाव माहीत नाही, बोकाचं माहितीय. सिगरेट मात्र त्याने सोडवली नाही, ती मलाच सोडावी लागली.

पडण्याचा मुद्दा तर शंभर टक्के मान्य. अमेरिकेत कुत्र्या-मांजरांमुळे पडून इमर्जन्सीत जाणारे वर्षाला ८६ हजारांवर, असा २००१ ते २००६ चा हिशोब आहे. सत्तरीतल्या माणसाच्या हातात ओढणारा तरणा कुत्रा देणं म्हणजे हाड मोडायची सोयच. आणायचाच तर वयस्क, शांत आणा, आणि आपण दवाखान्यात पडलो तर याला कोण सांभाळणार हे आधी ठरवा, नाहीतर शेजाऱ्याचा फिरवून आणा, तोही खूश तुम्हीही खूश. अमेरिकन हार्ट असोसिएशननेही २०१३ मध्ये हेच सांगितलं होतं, की निव्वळ हृदयासाठी म्हणून प्राणी आणू नका. हे मूळ लेखात यायला हवं होतं, आज टाकतो, आणि ते ‘कुत्रा पाळा, आयुष्य वाढवा’ वालं शीर्षकही काढतोय.