‘खरा रायडर तक्रार करत नाही’ असे सांगणाऱ्या संदेशाला उत्तर

गेल्या रविवारी पहाटे कसारा घाट चढत असताना माझ्या भाच्याची ॲडव्हेंचर बाइक, म्हणजे घाट आणि कच्च्या रस्त्यांसाठी बनवलेली मोटारसायकल, चालता चालता बंद पडली. असे घडण्याची ही तिसरी वेळ होती. मागून भरलेला ट्रेलर येत होता आणि त्याच्या चालकाने वेळेवर ब्रेक दाबला म्हणूनच हा मुलगा डोंबिवलीला धडधाकट परतला. त्याच्या गाडीचा फ्युएल पंप, म्हणजे टाकीतले पेट्रोल इंजिनाकडे ढकलणारा पंप, तपासून देण्यासाठी कंपनीने महिनाभरापूर्वीच निरोप पाठवला होता, हे मला त्या संध्याकाळी कळले. मग गेला का नाहीस, असे विचारल्यावर त्याने एक संदेश पुढे ढकलला आणि वर लिहिले, ‘मामा, हे वाच म्हणजे तुला कळेल.’ मुंबई आणि ठाण्यातल्या रायडरांच्या ग्रुपांमध्ये तो सध्या जोरात फिरतो आहे.

संदेशाचा आशय थोडक्यात असा : बंद पडणे हा ॲडव्हेंचर बाइकचा स्वभावच आहे. घाटात गाडी बंद पडते ती रायडरचा क्लचवर ताबा नसल्यामुळे. बाकीचे दोष उंचीवरच्या विरळ हवेचे आणि इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचे आहेत. तक्रार करणारे लोक दुसऱ्या ब्रँडने पेरलेले असतात, कारण खरे मालक पुन्हा तीच गाडी घेतात. रीकॉलसाठी, म्हणजे दोष तपासायला कंपनीने परत बोलावल्यावर, गाडी नेऊ नये, कारण एकदा उघडलेली गाडी पूर्वीसारखी राहत नाही आणि तिची रीसेल पडते. शेवटचे म्हणजे, आपल्या देशात तक्रारीने काहीही होत नाही.

यातला क्लचचा मुद्दा सर्वांत घातक आहे, म्हणून तो आधी घेतो. क्लच चुकल्याने इंजिन बंद पडते ते सिग्नलवरून निघताना किंवा चढावर अगदी रेंगाळत्या वेगात, म्हणजे इंजिनाचे फेरे आयडलच्याही, म्हणजे उभ्या गाडीतल्या किमान फेऱ्यांच्याही, खाली जातात तेव्हा. भाचा तिसऱ्या गिअरमध्ये ताशी चाळीसच्या आसपास चालला होता आणि क्लचचा लिव्हर पूर्ण सोडलेला होता. अशा वेळी इंजिन आणि मागचे चाक एकमेकांना जोडलेले असतात आणि इंजिनाचे फेरे आयडलच्या बरेच वर असतात, त्यामुळे क्लचच्या चुकीने ते थांबण्याचा प्रश्नच येत नाही. जोर अचानक गेला आणि क्लच दाबताच इंजिन पूर्ण थांबले, याचा अर्थ पेट्रोल तरी पोहोचत नव्हते किंवा ठिणगी तरी पडत नव्हती. फ्युएल पंपचा दाब कमी होणे, ठिणगीसाठी वीज पुरवणारी इग्निशन कॉइल तापल्यावर दगा देणे, साइड स्टँडच्या स्विचमध्ये चिखल जाऊन गाडीला स्टँड खाली असल्याचा भास होणे, क्रँकच्या सेन्सरची जोडणी सैल होणे, ही त्याची नेहमीची कारणे आहेत आणि त्यांतले प्रत्येक कारण तपासणीत सापडू शकते. संदेशात मात्र ‘सेल्फ मारा आणि पुढे निघा’ असा सल्ला दिला आहे. वीस-बावीस वर्षांच्या मुलांना, ज्यांच्या मागे घाटात अवजड वाहने असतात, असा सल्ला देणाऱ्या माणसाचा मला मनापासून राग आहे. दोष आपला आहे असे एकदा पोराच्या मनावर बिंबवले की तो गाडी तपासत नाही, स्वतःलाच दूषण देत बसतो. माझा भाचा दोन महिने नेमके हेच करत होता.

रीकॉलविषयीचे विधानही तितकेच चुकीचे आहे. मे २०२१ मध्ये रॉयल एन्फील्डने इग्निशन कॉइलच्या दोषासाठी मीटिऑर, क्लासिक आणि बुलेट मिळून २,३६,९६६ गाड्या परत बोलावल्या. त्या दोषाने मिसफायर होऊ शकत होते, म्हणजे ठिणगी चुकू शकत होती, गाडीचा जोर कमी होऊ शकत होता आणि क्वचित शॉर्ट सर्किटही होऊ शकत होते. प्रत्यक्षात दहा टक्क्यांपेक्षा कमी गाड्यांचा भाग बदलावा लागेल, असा कंपनीचाच अंदाज होता, तरीही बोलावल्या सगळ्या, कारण सदोष कॉइल कोणत्या गाडीत आहे हे तपासल्याशिवाय ठरवता येत नाही. ‘माझी गाडी तर नीट चालते’ हे न जाण्याचे कारण होऊ शकत नाही ते यामुळेच. त्याच्या आदल्या वर्षी याच कंपनीने ब्रिटन, युरोप आणि दक्षिण कोरियातल्या सुमारे १५,२०० गाड्या ब्रेक कॅलिपरसाठी बोलावल्या होत्या. हिवाळ्यात रस्त्यांवर टाकल्या जाणाऱ्या मिठाने कॅलिपर आतून गंजण्याची शक्यता होती, आणि त्या गाड्यांत हिमालयन ही त्यांची ॲडव्हेंचर बाइकही होती. आता ‘उघडलेली गाडी’ म्हणजे काय तेही पाहू. कॉइल बदलताना इंजिन उघडावे लागत नाही. फ्युएल पंप बहुतेक गाड्यांत टाकीतच बसवलेला असतो, त्यामुळे टाकी काढून तो बदलता येतो आणि इंजिनाच्या एकाही सीलला हात लागत नाही. रीसेलचे म्हणाल, तर रीकॉलचे काम झाल्याची नोंद असलेली गाडी मी डोळे मिटून घेईन, नोंद नसलेली घेणार नाही.

खरे मालक पुन्हा तीच गाडी घेतात म्हणजे गाडी निर्दोष आहे, या युक्तिवादाला आकड्यांनीच उत्तर देता येते. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहकसंस्थेने २०१५ मध्ये आपल्या वाचकांच्या बारा हजारांहून अधिक मोटारसायकलींची माहिती प्रसिद्ध केली. चौथ्या वर्षापर्यंत बिघाड होण्याचे प्रमाण यामाहाच्या बाबतीत ११ टक्के, सुझुकी आणि होंडाच्या बाबतीत १२, हार्ले-डेव्हिडसनच्या बाबतीत २६, ट्रायम्फच्या २९, डुकाटीच्या ३३ आणि बीएमडब्ल्यूच्या बाबतीत ४० टक्के निघाले. ‘ते लोक जास्त फिरतात’ ही पळवाटही तिथे उरत नाही, कारण वर्षभरात कापलेले अंतर लक्षात घेऊनच ते आकडे काढले होते. त्याच मालकांना पुन्हा तीच गाडी घ्याल का, असे विचारले तेव्हा हार्लेच्या ७२ टक्के आणि होंडाच्या ७० टक्के मालकांनी नक्की घेऊ असे सांगितले. म्हणजे एका ब्रँडच्या गाड्या दुसऱ्यापेक्षा दुपटीने बिघडत होत्या आणि मालकांची निष्ठा मात्र जवळपास सारखीच होती. हे आकडे जुने आणि परदेशातले आहेत, आपल्याकडच्या आजच्या मॉडेलांना ते जसेच्या तसे लावू नयेत. पण निष्ठेवरून गाडीची विश्वासार्हता मोजता येत नाही, एवढे त्यातून निःसंशय दिसते. तक्रार करणारे पेरलेले असतात म्हणावे, तर माझ्या भाच्याच्या अंगावरचे जाकीट, हेल्मेट आणि टाकीवरचा स्टिकर सगळे त्याच ब्रँडचे आहे, आणि तरीही त्याची गाडी बंद पडते.

उंची आणि इथेनॉल या दोन मुद्द्यांत अर्धे सत्य आहे, ते मला नाकारता येणार नाही. खारदुंग ला ५,३५९ मीटर उंचीवर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो, त्यामुळे कोणत्याही गाडीचा पिकअप तिथे पडणारच. ई२० पेट्रोलने, म्हणजे वीस टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलने, जुन्या दुचाकींचे मायलेज तीन-चार टक्क्यांनी घटू शकते, हे नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही मान्य केलेले आहे. पण पिकअप कमी होणे वेगळे आणि इंजिन बंद पडणे वेगळे. शिवाय कसारा घाट म्हणजे लडाख नव्हे, आणि त्याच पंपावर त्याच पहाटे पेट्रोल भरलेल्या भाच्याच्या चार मित्रांच्या गाड्या इगतपुरीला व्यवस्थित पोहोचल्या.

तक्रारीने काही होत नाही, हे म्हणणे कायदा न वाचता केलेले आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११० अ आले. चालकाला किंवा रस्त्यावरच्या इतरांना अपाय होऊ शकेल असा दोष एखाद्या प्रकारच्या वाहनात असेल आणि ठरावीक टक्के मालकांनी तो केंद्र सरकारला कळवला असेल, तर सरकार उत्पादकाला ती वाहने परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते. मग उत्पादकाला वाहन दुरुस्त करून किंवा बदलून द्यावे लागते, नाहीतर किंमत परत करावी लागते. या कलमात मालकांच्या तक्रारींची संख्याही मोजली जाते. ब्रँडच्या प्रेमापोटी जो मालक गप्प बसतो, तो त्या संख्येतून एक आकडा कमी करतो, आणि त्याचा धोका त्याच बॅचची गाडी घेतलेल्या अनोळखी माणसाला पत्करावा लागतो. एकट्याने लढायचे असेल, तर ग्राहक आयोगात आपण राहतो त्या जिल्ह्यात दोन वर्षांच्या आत दाद मागता येते.

त्यासाठी कागद मात्र चोख हवा. सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डवर ‘पिकअप कमी’ असे मोघम लिहून घेतात, ते मान्य करू नये. इंजिन कोणत्या तारखेला, किती किलोमीटरवर, कोणत्या गिअरमध्ये आणि कोणत्या वेगाला बंद पडले, हे शब्दशः लिहून घ्यावे आणि ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकात, नोंदलेल्या फॉल्ट कोडची प्रत मागावी. भाच्याने तिन्ही प्रसंगांचे टिपण काल रात्री बसून तयार केले आणि शनिवारी सकाळची वेळ घेतली. गाडी तो चालवत नेणार नाही. कल्याणचा एक ओळखीचा टेम्पोवाला आठ वाजता येणार आहे, आणि मीही सोबत जाणार आहे.