ती मांजर टाटा करत नाहीये

मंडळी, दोन दिवस ग्रुपवर एक मेसेज फिरतोय की दुकानाच्या गल्ल्यावर असते ना ती हात हलवणारी सोनेरी मांजर, ती चिनी आहे आणि हात हलवून लक्ष्मीला टाटा करते म्हणून लगेच काढून टाका. दोन्ही चूक आहे.

ती मूळची जपानची. नाव मानेकी-नेको, म्हणजे बोलावणारी मांजर. हिरोशिगे या जपानी चित्रकाराच्या १८५२ मधल्या एका चित्रातसुद्धा अशा मांजरी विकायला मांडलेल्या दिसतात. आता बनून येतात बऱ्याच चीनमधून, म्हणून गोंधळ होतो. आणि हाताचं म्हणाल तर जपानमध्ये तळवा खाली करून बोटं हलवली की "इकडे ये", आपली आजी पण दारातून अशीच हाक मारायची की! डावा पंजा वर असेल तर गिऱ्हाईक बोलावते, उजवा असेल तर पैसा, असं तिथे मानतात. टोकियोच्या गोतोकुजी देवळात तर नवस फेडायला लोक अशा शेकडो पांढऱ्या मांजरी ठेवतात.

मानायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, पण दादरला आमच्या ओळखीच्या काकांनी मुलीने हौसेने दिलेली मांजर या मेसेजमुळे कचऱ्यात टाकली, मला खरंच वाईट वाटलं, म्हणून प्लीज तो पुढे पाठवू नका.