घाटात टायमिंग लावणाऱ्यांनो, जरा थांबा

सकाळी सकाळी डोकं फिरलंय त्यामुळे पोस्ट लांबणार, ज्यांना घाई आहे त्यांनी खुशाल पुढे जावा. (घाईवाल्यांसाठीच लिहितोय खरं तर, पण ते वाचणार नाहीत हेही माहितीये.)

आमच्या शाळेच्या ग्रुपवर काल रात्री एका मित्राने मेसेज टाकला. बेळगावजवळच्या पिरनवाडी क्रॉसपासून गोव्यातल्या केरीपर्यंत, व्हाया जांबोटी-चोर्ला घाट, आणि पुढे गाडीवरून लागलेली मिनिटं. किती मिनिटं ते मी इथे लिहीत नाही, उद्याच कुणीतरी ती मोडायला निघेल. खाली आगीच्या इमोजींची रांग. "नाद खुळा भावा." "पावसात पण??" "पावसातच तर मजा." आणि हा भावा कोण, तर पंचेचाळिशी गाठलेला, बीपीची गोळी घेणारा, ज्याच्या पोराचं लायसन्स आत्ताच आलंय. तो पोरगा पण बापाचा मोबाईल बघतच असेल की.

एकानेही विचारलं नाही की बाबा रे, वाटेत बघितलंस काय.

पावसाळ्यातला चोर्ला आहे तो! लोक पुण्याहून, बेंगळुरूहून सुट्ट्या टाकून येतात, आपल्याला घरातून चहा पिऊन निघालं की तास-दीड तासात मिळतो. कुसमळीचा पूल मागे पडला, जांबोटी ओलांडली की झाडी दोन्ही बाजूंनी जवळ येते, हवा एकदम गार, हेल्मेटच्या काचेवर आतून वाफ धरायला लागते. कणकुंबीला माउलीचं देऊळ, तिथे मलप्रभेचा उगम, ती तिथून निघते ती पार कूडलसंगमला जाऊन कृष्णेला मिळते, आणि थोडं पलीकडे पडलेला पाऊस म्हादईतून मांडवी होऊन पणजीला समुद्रात. एकाच ढगाचं पाणी, थोडं बंगालच्या उपसागरात, थोडं अरबी समुद्रात, आणि तू मधून गेलास घड्याळ बघत. चोर्ल्याच्या पुढे उतार लागला आणि धुकं जरा फाटलं की खाली अंजुणे धरणाचं पाणी दिसतं, त्याच्यासाठी तर जायचं असतं.

पण ते बघायचं गाडी थांबवून. हे मी दरवेळी सांगतो आणि दरवेळी लोक हसतात. चालत्या गाडीवरून दरी बघायची नाही, धबधबा बघायचा नाही, कारण टू-व्हीलर नजरेच्या मागे जाते. वळणात ज्या खड्ड्याकडे बघत राहाल त्याच खड्ड्यात जाणार. वळण जिथे संपतंय तिकडे मान वळवून बघायचं, गाडी आपोआप तिकडे जाते. आणि थांबायचं तर सरळ रस्त्यावर, डांबर सोडून पूर्ण कडेला. वळणावर गाड्या लावून सेल्फी काढणारे तर वेगळेच, आंबोलीला रविवारी जाऊन बघा, धबधब्यासमोर अख्खा रस्ता म्हणजे पार्किंग.

आता मला हे एवढं का लागतं ते सांगतो, काही जणांनी ऐकलंय, परत ऐका.

मागे एका पावसाळ्यात मी आणि बायको गोव्याला बारशाला चाललो होतो. चोर्ल्याचा उतार, धुकं असलं की पुढच्या गाडीचा लाल दिवा तेवढा दिसायचा. पुढे बेळगावहून भाजी घेऊन चाललेला पिकअप. त्या ड्रायव्हरने खिडकीतून हात बाहेर काढून खाली-वर, खाली-वर केला, म्हणजे हळू घे, पुढून काहीतरी येतंय. मी मागेच राहिलो. तेवढ्यात पाठीमागून हॉर्न, केए-२२ची, म्हणजे बेळगाव पासिंगची, एक मोटरसायकल, वर दोघं पोरं, आम्हाला ओलांडलं आणि त्याच दमात पिकअपला पण, बरोब्बर वळणावर. आणि खालून बस.

बसवाल्याने बिचाऱ्याने जेवढी कडेला घेता येईल तेवढी घेतली. पोराने पुढचा ब्रेक आवळला, ओल्या रस्त्यावर, वाकलेल्या गाडीवर. संपलं. गाडी एकीकडे, ही दोघं दुसरीकडे, बसच्या पुढच्या चाकापासून हातभर. धडाम वगैरे काही आवाज नाही झाला. नुसतं प्लास्टिक रस्त्यावर घासत गेलं, लांबपर्यंत.

म्हणून मला ती मिनिटं बघून राग येतो. ६० च्या स्पीडला गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. धुक्यात दिसतंय वीस मीटर. म्हणजे "अरे बस!" एवढं मनात येईपर्यंत तू बसपाशी पोचलेला असतोस, ब्रेक अजून लागायचाच आहे. आणि स्पीड डबल केला तर ब्रेक लागल्यावर थांबायला अंतर डबल नाही, चौपट लागतं, हे आपल्याला शाळेत शिकवलंय रे, त्याच शाळेत, ज्याच्या ग्रुपवर तू टायमिंग टाकलंस.

"एबीएस आहे माझ्या गाडीला." हो आहे, २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीचंच आहे. त्याने सरळ रस्त्यावर चाक लॉक होत नाही. वळणात, शेवाळावर, मासळीच्या गाडीतून सांडलेल्या पाण्यावर एबीएस काय करणार? त्या वासाच्या गाड्या वर येऊन गेल्या की वळणावळणाला तो बुळबुळीत पट्टा सांडलेला असतो, ज्याला माहिती आहे तो वास आला की सावध होतो. स्पीड वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात शिरल्यावर नाही. एवढं एक जमलं तरी अर्धा घाट जमला.

आणि उतरताना न्यूट्रल करून, वर इंजिन बंद करून पेट्रोल वाचवणारे आपले महाभाग! किती वाचतं रे, चहाचे पैसे तरी निघतात का? जुने ड्रायव्हर सांगायचे, ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं. इंजिन गाडीला मागे ओढून धरतं, ब्रेकला फक्त जरासं काम राहतं. नुसत्या ब्रेकवर उतरलात की ते तापतात, डिस्कचं ऑइल उकळतं, लिव्हर मऊ पडून पार मुठीला टेकतो आणि गाडी चाललेली असते. स्कूटरवाल्यांनी जास्तच जपायचं, तिला गिअर टाकून उतरायची सोय नाही, इंजिन फारसं धरत नाही, सगळा भार ब्रेकवर. मधे थांबा, ब्रेक गार होऊ द्या, दरी बघा. आता बघा की, आता कोण नको म्हणतंय!

चढणाऱ्याला आधी वाट द्यायची हा नियम पण लोक विसरलेत. अरुंद घाटात उतरणाऱ्याने थांबायचं, हे नियमातच लिहिलंय, कारण चढावर थांबलेली भरलेली गाडी परत उचलणं अवघड. त्या दिवशी बस चढत होती. म्हणजे सगळ्या बाजूंनी रस्ता तिचा होता.

अजून एक, मधल्या रेषेच्या लगत राहून उजवीकडे गाडी वाकवू नका. चाक आपल्या बाजूला असतं, डोकं पलीकडच्या लेनमध्ये गेलेलं असतं, हे कुणाच्या लक्षातच येत नाही. आपला सीमाप्रश्न सुटेल तेव्हा सुटेल, ही एक सीमा तरी पाळा.

मान्य, रस्ता भंगार आहे. जांबोटी रोडच्या खड्ड्यांवर मी स्वतः पोस्टी टाकून दमलोय. पण खड्डा माहिती असून तू त्याच्यावरून उडवतोस तेव्हा खड्ड्याला शिव्या देऊन काय उपयोग. कारवाले पण कमी नाहीत, तेही मान्य, त्यांच्यावर वेगळी पोस्ट लिहीन.

हेल्मेटवर लिहिणार नव्हतो पण आता सुरूच झालंय तर. त्या दोघांकडे दोन हेल्मेट होती. चालवणाऱ्याने घातलेलं, पट्टा लावलेला. मागच्याचं कुठे होतं? कोपरात. पोलीस दिसले की घालायचं म्हणून कोपरात अडकवलेलं. त्याच्या कपाळापासून गालापर्यंत सोललेलं होतं, पावसाचं पाणी पडून रक्त गळ्यापर्यंत पसरलं होतं आणि कोपरातलं हेल्मेट एकदम नवीन, काचेवरचं प्लास्टिक पण काढलेलं नव्हतं. हे चित्र मला अजून दिसतं. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट कायद्याने लागतंच, पण कायदा बाजूला ठेवा, अरे घेतलेलं होतं की विकत! पैसे दिलेले होते!

बसमधून उतरलेला एक जण पुढच्या पोराचं हेल्मेट ओढून काढायला गेला तर बायको अशी ओरडली की मीच दचकलो. ती दवाखान्यात कामाला आहे त्यामुळे तिला माहिती. "हात लावू नका, श्वास चाललाय त्याचा." मानेला मार असेल तर हेल्मेट ओढल्याने कायमचं अपंगत्व येऊ शकतं. ती रस्त्यावर, त्या चिखलात, नवीन साडीत बसली आणि दोन्ही हातांनी त्याचं डोकं हेल्मेटसकट धरून ठेवलं. आणि पोरगं काय विचारतंय, "काकू, गाडीला काय झालं?" मांडीचं हाड मोडलेलं, आणि गाडी. हसावं की रडावं कळेना. एकोणीस-वीसचं असेल. मिशी पण धड फुटलेली नव्हती.

मोबाईलला रेंज नाही. १०८ लावायची कुठून. ट्रीपला निघताना हे पण लक्षात असू द्या, घाटात बऱ्याच ठिकाणी फोन म्हणजे नुसतं घड्याळ, त्यामुळे कुठल्या रस्त्याने जाणार आणि किती वाजेपर्यंत पोचणार ते घरी सांगून निघा.

शेवटी तो पिकअपवाला. त्याने एक अक्षर न बोलता ताडपत्री सोडली, टोमॅटोचे क्रेट उतरवून पावसात रस्त्याच्या कडेला रचले, कोबीची पोती सपाट केली आणि त्यावर ताडपत्री दुमडून अंथरली. मापशाला सकाळच्या बाजारात वेळेवर पोचला नाही तर त्याच्या भाजीला कोण विचारणार होतं? पण चेहऱ्यावर काही नाही. मराठी त्याला मोडकंतोडकं येत होतं, आमची कानडी तशीच. बसमधल्या एक-दोघांनी "पोलिसांचं लचांड मागे लागेल" असं सुरू केलं होतं. त्यांच्यासाठी आणि तुमच्यासाठीही सांगतो, २०१९ च्या दुरुस्तीत मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलंय, अपघातात चांगल्या मनाने मदत करणाऱ्यावर केस होत नाही, नाव-गाव सांगायची पण सक्ती नाही. घाबरू नका.

साखळीपर्यंत तो इतका हळू गेला की मागे बसलेल्या बायकोला वाटलं गाडी बंद पडली. दर खड्ड्याला आधी थांबायचा, मग उतरवायचा. दवाखान्यात पोरांना उतरवून घेतल्यावर त्याने त्या मोडक्या पायाच्या पोराच्या डोक्यावरून हात फिरवला, "सावकाश, तम्मा" म्हणाला, तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ, आणि क्रेट आणायला परत घाट चढला. मी पैसे पुढे केले तर हात जोडले. नंबर घ्यायचा राहिला.

दोन्ही पोरं वाचली. मोठ्याला पायात सळी घातली, छोट्याच्या गालावर टाके आहेत, बरं चाललंय त्यांचं. त्यांच्यावर आता राग नाही माझा, खरंच नाही. त्या वयात कुणीतरी सांगणारं लागतं आणि सांगणारे ग्रुपवर मिनिटं टाकत बसलेत. राग आहे तो तुझ्यावर, मित्रा. तुला टॅग करत नाही, बायको वाचेल तुझी. पण फोन करणार आहे संध्याकाळी, उचल.

बाकीच्यांसाठी, येत्या रविवारी मी जातोय, सकाळी साडेसहाला पिरनवाडी क्रॉस. जांबोटीला नाष्टा, कणकुंबीला देवळात, पुढे जिथे धुकं फाटेल तिथे थांबणार, खाली उतरायचं की नाही ते पाऊस बघून. माझ्या पुढे कुणी जायचं नाही आणि मागे बसणाऱ्याचं हेल्मेट डोक्यात पाहिजे. रेनकोट काळा नको, भडक रंगाचा घ्या, धुक्यात दिसायला पाहिजे. टायर गुळगुळीत झाला असेल तर येऊच नका, आणि हवा शनिवारीच बघून ठेवा, रविवारी त्या वेळेला आपल्या गल्लीत एक पंक्चरवाला उघडत नाही.