खतपेटी सडवण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

दुपारच्या सुट्टीनंतर उष्ट्याने भरलेल्या बादल्या पाहून आपले मन व्यथित होत असेल, तर अन्न मुळात वाया का जाते या प्रश्नाच्या वाटेला आपण चुकूनही जाऊ नये. त्या वाटेने गेलेल्या माणसाला जेवणाची अर्धी सुट्टी हात धुण्याच्या रांगेत संपत असल्याचे, पहिलीतल्या आणि दहावीतल्या मुलाला एकाच डावाने सारखेच वाढले जात असल्याचे दिसू लागते आणि मग वेळापत्रकाला हात लावण्याची पाळी येते. खेळाची सुट्टी जेवणाआधी ठेवली तर मुले भुकेने जेवतात, असे काही जण सांगतात. त्यांचे ऐकू नये. मैदानाकडे डोळे लावून दोन घासांत ताट सरकवण्याची परंपरा मोडणारे आपण कोण?

त्यापेक्षा खतपेटी आणावी. ती हिरवी असावी आणि फाटकातून दिसावी. २०२२ साली जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले, हा संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रमाचा अंदाज उद्घाटनाच्या भाषणात जरूर घ्यावा. एवढ्या मोठ्या आकड्यापुढे आपल्या शाळेची बादली तोलण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. तोलणे वाईटच. रोजचे वजन आठवडाभर फळ्यावर लिहिले, तर कोणत्या दिवशीचे जेवण मुलांच्या घशाखाली उतरत नाही हे उघड होईल आणि उगाच स्वयंपाकघराशी वाकडेपणा येईल.

आता मुख्य कृती. ओल्या उष्ट्यात नत्र भरपूर असते. त्याचे खत व्हायला नत्राच्या एका भागामागे कर्बाचे २५ ते ३० भाग लागतात, आणि तो कर्ब वाळलेल्या पानांत असतो. म्हणून पालापाचोळा मैदानाच्या कोपऱ्यात दररोज नेमाने जाळावा आणि पेटीत निव्वळ उष्टे ओतावे. ढीग वरखाली करू नये, कारण हवा मिळाली की जिवाणू कामाला लागतात, ढीग आतून ६० अंशांच्या आसपास तापतो आणि काही महिन्यांत मातीच्या वासाचे खत हाती येते. हवा कोंडली, की उग्र दुर्गंधी सुटते आणि मिथेनही तयार होतो. चांगल्या खताची मूठ दाबली, तर जेमतेम एखादा थेंब निघतो. अशाच एका पेटीचे झाकण तिसऱ्या आठवड्यात उघडण्याचा मान मला लाभला होता. आत काळे पाणी डुचमळत होते, आणि ज्या मुठींत खत यायचे त्या सगळ्या मुठींत नाके आली होती.

वास वर्गापर्यंत पोहोचताच मुलांना शिस्त नसल्याची सूचना काढावी, पेटी स्वच्छतागृहामागे हलवावी आणि वार्षिक अहवालात उद्घाटनाचेच छायाचित्र छापावे. पुढल्या वर्षी तिला नवा हिरवा रंग द्यावा. फीत आपण जपून ठेवली असेलच.