तेलात बुडवलेला लसूण ओट्यावर ठेवू नका

सध्या एक मेसेज फिरतोय. थोडक्यात तो असा: "इटलीतल्या आज्या सोललेला लसूण ऑलिव्ह ऑइलमध्ये बुडवून ठेवतात. वर्षभर टिकतो, फ्रिज लागत नाही. तेलामुळे हवा लागत नाही, त्यामुळे जंतू वाढत नाहीत. लसूण तर स्वतःच जंतुनाशक. आपलं लोणचं असंच टिकतं ना? खराब झालाच तर वासावरून कळतं, शंका आली तर गरम करून घ्या. खोकल्यावर यात मध घालून चमचाभर द्या, तान्ह्या बाळालाही चालतं."

माझ्या मावशीने हे वाचून दोन बरण्या भरल्या आणि मेसेज पुढे पाठवला. जिला पाठवला तिच्या घरी सात महिन्यांचं बाळ आहे. म्हणून आधी शेवटच्या वाक्याचं बोलते.

एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही. चमचाभर नाही, बोटाला लावून चाटवायचाही नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जंतूचे बीजाणू, म्हणजे कडक कवचात झोपलेले जंतू, असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात आधीपासून वस्ती करून असलेले जंतू त्यांना रुजू देत नाहीत. बाळाच्या आतड्यात ती वस्ती अजून बसलेली नसते. तिथे ते रुजतात आणि विष तयार करतात. बाळांमधला हा आजार १९७६ मध्ये अमेरिकेत ओळखला गेला. बहुतेकदा सुरुवात बद्धकोष्ठाने होते. मग बाळ दूध ओढेनासं होतं, रडण्याचा आवाज बारीक होतो, मान टाकतं. जन्मल्यावर मध-तूप चाटवायची रीत आपल्याकडे जुनी आहे, गुटीही मधात उगाळतात. रीत जुनी असली तरी ही सोडायलाच हवी. "आमचा मध शुद्ध आहे, थेट पोळ्याचा आहे" याने काही फरक पडत नाही, कारण बीजाणू भेसळीतून येत नाहीत, ते धूळमातीतून येतात. मध उकळूनही ते मरत नाहीत.

आता तेलाकडे वळू. सगळा मेसेज "हवा लागत नाही म्हणून जंतू वाढत नाहीत" या एका वाक्यावर उभा आहे, आणि तेच वाक्य उलटं आहे. बुरशीला हवा लागते, हे खरं. पण बॉट्युलिनमला हवा चालतच नाही. मोकळ्या हवेत तो बीजाणू होऊन वर्षानुवर्षं पडून राहतो, कुणाला काही करत नाही. हवा तोडली की जागा होतो. लसूण जमिनीत वाढतो, बीजाणू मातीत असतात, त्यामुळे ते पाकळीवर असणारच असं धरून चालायचं. सोलून, धुऊन, पुसून ते पूर्ण जात नाहीत.

त्याला वाढायला हवा नसलेली जागा लागते, ओलावा लागतो, आंबटपणा कमी लागतो आणि थोडी ऊब लागते. तेल हवा तोडतं. लसणाच्या पाकळीत निम्म्याहून जास्त पाणीच असतं. आंबटपणा पीएचमध्ये मोजतात, आकडा जितका लहान तितका पदार्थ आंबट. बॉट्युलिनमची सीमा ४.६ ला आहे, त्याखाली तो वाढत नाही. लसणाचा पीएच ६ च्या आसपास असतो, म्हणजे सीमेच्या चांगलाच वर. उरली ऊब, ती आपल्या ओट्यावर बारा महिने असते. चार-पाच दिवस ठेवलेली अशी बरणी उजेडात धरून पाहा. पाकळीच्या कापलेल्या टोकाभोवती तेल किंचित गढूळ दिसेल, तळाशी पाण्याचे बारीक थेंब बसलेले असतील. तो लसणाचा रस. "तेलात पाणी कुठून येणार" असं विचारणाऱ्यांसाठी सांगते, पाणी पाकळीबरोबरच आत गेलेलं असतं.

ही नुसती भीती नाही, हे घडून गेलेलं आहे. १९८५ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये एका रेस्टॉरंटात जेवलेल्या ३६ जणांना बॉट्युलिझम, म्हणजे याच जंतूच्या विषाने होणारा आजार, झाला. कारण निघालं सोयाबीन तेलातला चिरलेला लसूण, जो फ्रिजबाहेर ठेवला होता. कितीतरी रुग्णांचं सुरुवातीला भलतंच निदान झालं, कारण कुणाला दोन-दोन दिसतंय, कुणाची जीभ जड झालीय, आणि ताप मात्र नाही. असा आजार जेवणातून आला असेल हे चटकन कुणाच्या डोक्यात येत नाही. १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्यात तेलातल्याच लसणाने आणखी तिघे आजारी पडले. त्यानंतर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तेलातल्या लसणात आम्ल घालणं उत्पादकांना सक्तीचं केलं. दुकानातली बाटली फडताळावर कशी टिकते, याचं उत्तर त्या आदेशात आहे. लेबल वाचा, सायट्रिक किंवा फॉस्फोरिक आम्ल लिहिलेलं सापडेल. घरच्या बरणीत ते नसतं.

नुसत्या हवा तोडण्याने काय होतं याचं दुसरं उदाहरण जपानचं. कुमामोतोकडे कमळकाकडीत मोहरी भरून तळतात, त्याला काराशी रेनकोन म्हणतात. ताजा खातात तोवर काही नाही. १९८४ मध्ये हाच पदार्थ हवा काढून बंद केलेल्या पाकिटातून लांबवर विकला गेला. ३६ जण आजारी पडले, ११ दगावले. पाकिटातली हवा काढणं आणि लसूण तेलात बुडवणं, जंतूच्या दृष्टीने एकच.

"आपलं लोणचं असंच टिकतं." नाही, लोणचं असं टिकत नाही. एवढं मान्य करते की लोणच्यावर तेलाचा थर लागतो, आणि फोडी त्याबाहेर उघड्या पडल्या की बुरशी धरते. पण तो थर बुरशीपुरताच. लोणचं टिकतं कैरीच्या आंबटपणाने आणि मिठाने. कच्च्या कैरीचा पीएच ३ च्या आसपास असतो, आणि किलोभर फोडींना आपण दीडशे ते दोनशे ग्रॅम मीठ घालतो. त्यात बॉट्युलिनमला जागाच नाही, तेल असो वा नसो. कैरीच्या जागी लसूण ठेवला आणि मीठ-आंबट वगळलं, तर लोणच्यातलं जे राखणारं होतं तेच गेलं. आपल्या आज्यांनी लसणाचं लोणचं लिंबाच्या रसात मुरवलं, नुसत्या तेलात कधी नाही. "कमी मिठाचं, हेल्दी लोणचं" करणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं. मीठ कमी करायचं असेल तर जरूर करा, पण मग ती बरणी फ्रिजमध्ये ठेवा.

इटलीच्या आज्यांवर तर हा मेसेज सरळ अन्याय करतो. तिकडे वांगी, मशरूम, आर्टिचोक तेलात ठेवतात हे खरं. पण त्याआधी भाजी व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन त्यात उकळतात, निथळतात, कापडावर कोरडी करतात, मग तेल ओततात. मेसेजमधून नेमकी व्हिनेगरची पायरी गळली आहे. आणि एवढी रीत असूनही युरोपात बॉट्युलिझमचे सर्वांत जास्त रुग्ण नोंदवणाऱ्या देशांत इटली येतो, घरी केलेले तेलातले पदार्थ हे त्याचं मोठं कारण आहे. तिथली राष्ट्रीय आरोग्य संस्था घरच्या साठवणीसाठी मुद्दाम मार्गदर्शिका काढते.

लसूण जंतुनाशक आहे, थोडाफार. पण वर सांगितलेल्या ३६ जणांनी लसूणच खाल्ला होता.

वासाचं म्हणाल तर हे विष वासावरून किंवा चवीवरून ओळखता येत नाही. कधी वायू धरतो, झाकण फुगतं, कधी काहीच दिसत नाही, आणि लसणाचा उग्र वास बाकी सगळं झाकून टाकतो. चाखून पाहणं तर अजिबात नको.

गरम करण्याच्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, म्हणून तो जास्त फसवतो. तयार झालेलं विष उष्णतेने मोडतं. पदार्थ आतपर्यंत ८५ अंशांवर निदान पाच मिनिटं राहायला हवा. पण हे तेल लोक वापरतात कसं? पावावर ओततात, सॅलडवर, पास्त्यावर वरून घालतात. तिथे कोण उकळतंय? उलट भरण्याआधी तेल कडकडीत तापवून लसणावर ओतलं, तर बीजाणू मरत नाहीत. त्यांना मारायला दाबाखालच्या वाफेत १२१ अंश लागतात. लसणाच्या पाकळीत पाणी असेपर्यंत ती आतून १०० च्या फारशी वर जात नाही, आणि नुसत्या तेलात, जिथे पाणी नाही, तिथे बीजाणू आणखी चिवट होतात. मंद आचेवर तेलात मऊ शिजवलेला लसूण, ज्याला हल्ली कॉन्फी म्हणतात, तोही याच कारणाने ओट्यावर ठेवू नये.

मग करायचं काय?

लसणाचं तेल हवं असेल तर लागेल तेवढंच करा, फ्रिजमध्ये ४ अंशांवर किंवा त्याखाली ठेवा, चार दिवसांत संपवा. फ्रिजच्या दारात ठेवू नका, तिथे सारखी ऊब लागते. जास्त करायचं असेल तर बर्फाच्या साच्यात ओतून गोठवा, काही महिने टिकतं, आणि फोडणीला एक घन काढून टाकता येतो.

बाहेरच ठेवायचं असेल तर आधी लसूण आंबट करावा लागतो. अर्धा लिटर पाण्यात १५ ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवा, हे झालं ३ टक्क्यांचं द्रावण. दीडशे ग्रॅम लसूण बारीक चिरून, तुकडा ६ मिलिमीटरपेक्षा मोठा नको, त्यात २४ तास पूर्ण बुडवून ठेवा. तुकडे वर तरंगतात, म्हणून वरून छोटी वाटी दाबून ठेवा. मग निथळून तेलात घाला. ही अमेरिकन विद्यापीठांच्या विस्तार विभागांनी तपासलेली रीत आहे. अख्ख्या पाकळ्या घेऊन ती करू नका, आम्ल गाभ्यापर्यंत पोचत नाही. द्रावणाऐवजी अंदाजाने दोन लिंबं पिळणंही चालणार नाही.

लोणचं करायचं तर पाव किलो लसूण सोलून प्रत्येक पाकळी उभी चिरा, ४० ते ५० ग्रॅम मीठ आणि पाकळ्या बुडतील इतका लिंबाचा रस घाला, साधारण दीडशे मिली लागतो. मुरेपर्यंत आणि नंतरही फ्रिजमध्येच ठेवा. फोडणी पूर्ण थंड करून घाला. इथे हमखास चुकतं ते लिंबात, "चवीपुरतं" पिळलं की पाकळ्या अर्ध्या बाहेर राहतात.

पूर्ण वाळलेल्या गोष्टी तेलात ठेवायला हरकत नाही. सुकी लाल मिरची, कडक वाळवलेला लसूण, वाळलेला ओरेगानो यांत जंतूला पुरेल इतका ओलावा नसतो. हाताने दाबल्यावर वाकते ती मिरची मात्र अजून वाळलेली नाही. ताजी तुळस किंवा बेसिल, हिरवी मिरची, आलं यांना लसणाचाच नियम लावा. मिरची-लसणाचा ओला ठेचा तेलाखाली दाबून ठेवता, तोही फ्रिजमध्ये, आणि चार दिवसांत संपवा.

ज्यांनी बरणी आधीच भरून ओट्यावर ठेवली आहे त्यांनी ती उघडू नये, चाखू नये, दुसऱ्या भाजीत "संपवू" नये. झाकणासकट दोन पिशव्यांत घट्ट बांधून कचऱ्यात टाका, ओटा साबणाने पुसा, हात धुवा. कुणी खाल्लं असेल तर बहुतेकदा १२ ते ३६ तासांत लक्षणं दिसतात, कधी काही दिवसांनीही: दोन-दोन दिसणं, पापण्या खाली येणं, गिळायला आणि बोलायला त्रास, हातापायांची शक्ती जाणं. ताप नसतो, शुद्ध हरपत नाही. असं काही दिसलं तर घरी वाट पाहू नका, श्वासाचे स्नायू बंद पडायच्या आत मोठ्या रुग्णालयात पोचा आणि "तेलातला लसूण खाल्ला होता" हे डॉक्टरांना आपणहून सांगा. यावरचं प्रतिविष जितकं लवकर मिळेल तितका उपयोग, आणि हे वाक्य ऐकल्याशिवाय डॉक्टर त्या दिशेने विचार करतीलच असं नाही.